जेवढे ठाऊक तेवढेच सांगणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार विनंती विशेष.

तोंडी आभार मानू लागले की तुम्ही "ते राहू द्या बाई, हात किती वर जातो ते आधी सांगा," असे म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेची तारीख घेऊन बसलेल्या एखाद्या बाईच्या किंवा तिच्या घरच्यांच्या वाचनात ते यावे. तुमचे नाव कुठेही लिहायचे नाही, ही अट पाळली आहे.

मला हा रोग असल्याचे निदान झाले तेव्हा धीर देणाऱ्यांची आमच्याकडे वानवा नव्हती. प्रत्येकाच्या ओळखीत एक खडखडीत बरी झालेली मावशी होती, प्रत्येकाकडे एक काढा होता, आणि "सगळे ठीक होईल" हे वाक्य तर चपला काढता काढताच म्हटले जाई. त्याआधीचे काही महिने, "दुखत नाही ना, मग काळजीचे कारण नाही," या गावाकडच्या एका दवाखान्यातील सल्ल्यात गेले होते. स्तनातील कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, ही साधी गोष्ट मला बायोप्सीनंतर कळली. अशा मनःस्थितीत कराडहून महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठली, परळच्या टाटा रुग्णालयात नाव नोंदवले आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्ही दोघे उतरलो. तिथे एका दुपारी खांद्यावर कापडी पिशव्यांचे गाठोडे घेऊन तुम्ही आलात. त्या भेटीत तुम्ही मला धीर दिल्याचे आठवत नाही. "शस्त्रक्रिया कोणती सांगितली आहे, आणि तीच का, ते विचारलेत का?" एवढेच तुम्ही विचारलेत.

बाह्यरुग्ण विभागातील त्या गर्दीत हे विचारायला सुचते कुणाला? तुम्ही माझ्याच वहीचे कोरे पान उघडून माझ्याकडून प्रश्न लिहून घेतलेत, शाळेत मी मुलांकडून लिहून घेते तसे. पूर्ण स्तन काढावा लागेल, की गाठ आणि तिच्याभोवतीचा भाग काढून स्तन राखता येईल? राखला तर किरणोपचार घ्यावेच लागतील ना? काखेतल्या सगळ्या लसिकागाठी, म्हणजे रोग प्रथम जिथे पोहोचू शकतो त्या, काढणार, की त्यांतल्या पहिल्या एक-दोन तपासून मग ठरवणार? घरी जाताना जखमेतले पाणी बाहेर काढणारी नळी अंगावर असेल का? तुमची स्वतःची शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी झालेली, आणि तीही पूर्ण स्तन काढण्याची. तरी "काढूनच टाका, कटकट मिटते," असे तुम्ही म्हणाला नाहीत आणि "राखता आला तर राखाच," असेही म्हणाला नाहीत. मी खोदून विचारले तेव्हा म्हणालात, "माझी गाठ वेगळी, तुमची वेगळी. माझ्यावरून तुमचे ठरवू नका."

पुढच्या भेटीत शल्यविशारदांसमोर मी ते पान उघडले. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले, की गाठ मर्यादित असेल आणि नंतर किरणोपचार घेतले तर स्तन राखल्यामुळे आयुष्य कमी होत नाही. इटलीतील उम्बेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेतील बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांत हे दिसून आले असून वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे त्यांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले आहेत. माझ्या बाबतीत मात्र रोग स्तनाच्या एकाहून अधिक भागांत होता, त्यामुळे पूर्ण स्तन काढणे भाग होते. निर्णय आधी होता तोच राहिला, पण त्याचे कारण समजल्यामुळे संमतीपत्रावर सही करताना आपल्याला कुणी ढकलत नेत आहे असे वाटले नाही.

एकदा यजमानांनी मोबाइलवर एक बातमी वाचून दाखवली होती. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती भुलीचे साधे औषध टोचले तर पुढे रोग उलटण्याचे प्रमाण कमी होते, असा डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सुमारे १६०० स्त्रियांवरील अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला होता. बातमी आपल्याच रुग्णालयातली, आणि तुमचे तिथे इतक्या वर्षांचे जाणे-येणे, म्हणून मी ती तुमच्यापुढे केली. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "हे माझे काम नव्हे, वहीत लिहा." ताई, माझ्या आभारांतला सर्वांत मोठा वाटा या वाक्याला आहे. आजारातून उठलेले माणूस पुष्कळदा अर्धा डॉक्टर होऊन बसते. तुम्ही तशा कधीच वागला नाहीत, आणि म्हणूनच तुम्ही जे सांगितलेत त्यावर मला डोळे मिटून विसंबता आले.

जे सांगितलेत ते अगदी घरगुती होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी केस धुऊन घ्या, पुढे बरेच दिवस हात डोक्यापर्यंत जाणार नाही. डोक्यातून घालायचा गाऊन आणू नका, यजमानांचे दोन जुने सुती सदरे आणा, पुढून बटणे लावता येतात. घरी फोन करून फडताळातले रोजचे डबे खालच्या फळीवर उतरवून ठेवायला सांगा. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या शस्त्रक्रियागृहात नेता येत नाहीत. ऐनवेळी परिचारिकेने उतरवायला सांगितले की जीव कासावीस होतो, तेव्हा आदल्या रात्रीच आपल्या हाताने काढून यजमानांजवळ द्या. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा, म्हणजे शयनयानात रुग्णाला भाडे पडत नाही आणि सोबतच्या माणसालाही पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. यांतले काहीही कोणत्या अहवालात लिहिलेले नसते.

सासूबाईंशी तुम्ही फोनवर बोललात, त्याचाही उल्लेख करायला हवा. नातीने माझ्या ताटात जेवू नये, असे त्या चारचौघांत नव्हे, पण घरात म्हणू लागल्या होत्या. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या पिढीत या रोगाचे नावही कुणी घेत नसे. तुम्ही त्यांना उपदेश केला नाहीत. "आई, मी नातवंडांना माझ्याच ताटात भरवते, हा रोग शिवाशिवीने होत नाही," एवढे सांगून मग बराच वेळ तुम्ही दोघी कैरीच्या लोणच्यावर बोलत होतात. मी घरी परतले त्या दिवशी नात माझ्या शेजारीच जेवायला बसली होती.

शस्त्रक्रियेनंतर कुशीतून नळी बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला चुण्यांचा प्लास्टिकचा डबा होता, ज्यात लालसर पाणी साठत राही. ती वस्तू घेऊन चालायचे कसे, न्हाणीघरात जायचे कसे, झोपायचे कसे? तुमच्या गाठोड्यातल्या पिशव्या त्यासाठी होत्या, हे तेव्हा उमगले. जुन्या नऊवारीच्या मऊ कापडाची, लांब बंदाची पिशवी, बंद दुसऱ्या खांद्यावरून तिरका जाईल असा, आणि शिवण उलट्या बाजूला, म्हणजे ती कातडीला घासत नाही. डबा रिकामा कसा करायचा ते परिचारिकेने शिकवलेच होते. तुम्ही ते यजमानांकडून माझ्यासमोर करून घेतलेत. झाकण उघडा, माप घ्या, डबा पूर्ण दाबा, दाबलेलाच ठेवून झाकण लावा, आकडा वहीत लिहा. चोवीस तासांतला आकडा उतरत उतरत तीस मिलिलिटरच्या खाली येऊन टिकला की डॉक्टर बहुधा नळी काढतात, हे कळल्यावर आमचे हे रोज सकाळी तो आकडा शेअर बाजाराचा भाव सांगावा तसा जाहीर करू लागले. घरात मदत करायची पण नेमके काय करायचे ते ठाऊक नाही, अशा नवऱ्याला तुम्ही एक काम नेमून दिलेत. त्याचा उपयोग मला झाला त्याहून त्यांना जास्त झाला असावा, असे माझे मत आहे.

व्रण पाहण्याबद्दल तुम्ही घाई केली नाहीत. ड्रेसिंग बदलताना पाहायचे असेल तर बसून पाहा, सोबत कुणी हवे असेल तर सांगा, नको असेल तर त्या दिवशी नको, असे म्हणालात. मी दोनदा मान फिरवली. तिसऱ्या खेपेला मी तुम्हाला विचारले, की तुमचा कसा आहे. तुम्ही धर्मशाळेतल्या खोलीचे दार लावलेत, खिडकीचा पडदा ओढलात आणि ब्लाउजचे हूक काढलेत. उरोस्थीपासून काखेपर्यंत गेलेली एक तिरकी, फिकट, सपाट रेघ. "इथे अजून बधिर आहे," असे म्हणून दंडाच्या आतल्या बाजूवर तुम्ही बोट फिरवलेत, "आणि नसलेल्या जागी कधीतरी खाज सुटते, तेव्हा घाबरू नका." मला पुढे दोन्ही गोष्टी जाणवल्या. आधी ऐकलेल्या होत्या, म्हणून त्यांचे काही वाटले नाही.

हाताच्या व्यायामात मात्र तुम्ही कडक होतात. पहिल्या दिवसापासून मूठ उघड-मीट आणि कोपर वाकवणे. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. नळी निघाली आणि भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनी परवानगी दिली, की भिंतीसमोर उभे राहून बोटांनी वर चढत जायचे. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या शेजारी पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत, काही इतक्या जवळजवळ की एकच जाड रेघ वाटावी. एके दिवशी काखेतून कोपरापर्यंत कातडीखाली ताणलेली दोरी हाताला लागली आणि रोग परत आला असे समजून मी रात्री तुम्हाला फोन केला. अशी दोरी काखेच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ जणींना येते आणि व्यायामाने बहुधा सुटते, हे तुम्ही सांगितलेत, पण "मी म्हणते म्हणून गप्प बसू नका, दाखवून या," हेही लगेच सांगितलेत. दाखवून आले. तीच निघाली, आणि काही आठवड्यांनी सुटली.

सुजेची खूण तुम्ही सांगितलीत ती कोणत्याही पत्रकात वाचली नाही. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हातात द्रव साठू शकतो, पुढे कित्येक वर्षांनीसुद्धा, आणि सुरुवातीची सूज डोळ्याला दिसत नाही. "बांगडी सांगते," असे तुम्ही म्हणालात. सैल फिरणारी बांगडी संध्याकाळी अडू लागली तर वाट पाहायची नाही. तेव्हापासून त्या हातात मी एकच सैल बांगडी ठेवते. भाकरी डाव्या हाताने उलटायला शिकले आहे, गुलाब छाटताना हातमोजे घालते, आणि रक्त काढायला कुणी आले की दुसरा हात पुढे करते.

जखम भरेपर्यंत स्तनाच्या जागी तुम्ही दिलेला नुसता कापसाचा हलका उंचवटा वापरला. सिलिकोनचा महाग, आणि तो जखम पूर्ण भरल्यावरच घालायचा. जखम भरल्यावर तो घेईपर्यंतच्या काळासाठी तुम्ही शिवलेल्या सुती खोळीत बाजरीची पुरचुंडी होती, वजनासाठी. धुताना ती काढून ठेवायची. एका बाजूचे वजन गेल्यामुळे खांदा वर ओढला जातो आणि पाठ दुखते, हे तुम्ही शिवणकाम करणाऱ्या, म्हणून तुमच्या नजरेने टिपले. शाळेत पुन्हा रुजू झाले त्या दिवशी साडीची निरी आणि पदर नेहमीसारखे बसले. केमोथेरपीबद्दल इथे लिहीत नाही. ते दिवस जायचे तसे गेले, केस आले, गोळ्या चालू आहेत.

तुमच्यासारख्या बायकांविषयी पुढे थोडे वाचले. न्यूयॉर्कच्या टेरेसी लासर यांनी स्वतःची शस्त्रक्रिया झाल्यावर १९५२ साली अशाच इतर स्त्रियांना रुग्णालयात जाऊन भेटायला सुरुवात केली. त्यांच्या पिशवीत व्यायामासाठी रबरी चेंडू, दोरी आणि तात्पुरता कृत्रिम स्तन असे. अनेक शल्यविशारदांना प्रथम ते रुचले नाही, पण १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते काम आपल्याकडे घेतले. तुम्ही त्यांचे नाव ऐकलेले नाही, हे मला ठाऊक आहे. गाठोड्यातल्या वस्तू मात्र जवळपास त्याच.

आमच्या तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेला पुढच्या महिन्यात शस्त्रक्रियेसाठी बोलावले आहे. तिच्यासोबत बसून प्रश्नांचे पान लिहून झाले आहे, आणि दोन प्रश्नांची उत्तरे मला येत असूनही मी ती दिलेली नाहीत. तिला पिशवी मीच शिवून द्यावी म्हणते, परंतु बंदाची लांबी माझ्या अंदाजाने धरली तर डबा गुडघ्यापाशी येतो. तरी कृपया नेमके माप कळवावे, आणि शिवण उलटी घेताना टोक कुठे दुमडता तेही. सासूबाईंनी तुमच्यासाठी लोणच्याची बरणी भरून ठेवली आहे. तपासणीला येताना ती आणते, सोबत दोन जुनी नऊवारी पातळेही आणते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कराडच्या बाई