हरलेल्या मल्लाचं चित्र कोण काढणार?

महोदय,

क्रीडा पानावर रोज विजेत्याचाच फोटो असतो. आजच्या काही कलावंतांची नजर मात्र दुसरीकडे गेली आहे. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या माटेराझीला डोकं मारलं, तो क्षण अदेल अब्देसमेद यांनी पाच मीटरहून उंच ब्राँझ शिल्पात उभा केला. ना करंडक, ना जल्लोष. गॅब्रिएल ओरोस्को यांनी १९९८ मध्ये टेबल टेनिसचं टेबल चौघांसाठी केलं आणि जाळीच्या जागी चक्क कमळांचं तळं ठेवलं! जिंकायचं कसं, हाच प्रश्न पडावा.

आमच्या परभणीकडे जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. यंदा चितपट झालेला एक पोरगा कडेला बसून करंगळीने कानातली माती काढत होता. शेजारी वडील, हातात त्याच्या चपला. हलगी पुढच्या जोडीसाठी वाजतच होती. खुराकापायी कर्ज काढलेली घरं मी पाहिली आहेत. त्यांचं चित्र कुणी काढलेलं मला दिसलं नाही. मराठवाड्यातल्या कलाशिक्षकांनी विद्यार्थ्यांना वही-पेन्सिल घेऊन या फडात न्यावं, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षक, परभणी