सराफाच्या उधारखात्याची प्रत ग्राहकाच्या हाती हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२४ मध्ये माझ्या मुलीच्या सासरी नागपुरातल्या एका दागिन्यांच्या दुकानातून फोन गेला, आणि तिच्या सासूबाईंना सांगण्यात आले की सुनेच्या हातातल्या पाटल्यांचे पैसे तिच्या वडिलांकडून अजून यायचे आहेत. त्या बाईंनी फोन शांतपणे ठेवला आणि मुलीला एका शब्दानेही दुखावले नाही, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. परंतु प्रत्येक घरात असे घडेलच असे नाही, आणि म्हणूनच सराफी दुकानांतील उधारखाती व त्यांची वसुली यांविषयी हे पत्र लिहीत आहे.

मुलीच्या लग्नासाठी मे २०२२ मध्ये आम्ही मंगळसूत्र आणि पाटल्या मिळून चार तोळ्यांहून थोडे अधिक सोने घेतले. घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी धरून बिल २,३४,६०० रुपये झाले. त्यांपैकी दीड लाख मी धनादेशाने दिले आणि उरलेले ८४,६०० रुपये दुकानदाराने आपण होऊन खात्यावर ठेवले. "तुम्ही घरचेच आहात, सावकाश द्या," हे त्यांचे शब्द होते. व्याजाचा उल्लेख ना बिलावर होता, ना बोलण्यात. मात्र तारण म्हणून दोन कोऱ्या धनादेशांवर माझ्या सह्या घेतल्या गेल्या, आणि लग्न आठवड्यावर आलेले असताना मी त्या केल्या. ही माझी चूक होती आणि ती मी मान्य करतो.

त्यानंतर जून २०२२ पासून दरमहा ५,००० रुपयांप्रमाणे चौदा हप्ते मी स्वतः दुकानात नेऊन दिले. प्रत्येक वेळी एका चिठ्ठीवर आकडा आणि कोणाची तरी आद्याक्षरे एवढेच मिळत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि चार महिने हप्ता गेला नाही. दुकानाला हे कळवलेले होते. डिसेंबरमध्ये मी उरलेले १४,६०० रुपये घेऊन गेलो, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने वही उघडून बाकी ४५,०५६ रुपये असल्याचे सांगितले. चौदापैकी दोन हप्ते तर वहीत आधी दिसतच नव्हते, मी चिठ्ठ्या दाखवल्यावर ते सापडले.

दरमहा शेकडा दोन रुपये व्याज, अठरा महिन्यांचे, आणि तेही पहिल्या दिवसाच्या पूर्ण ८४,६०० रुपयांवर, असा तो हिशेब होता. म्हणजे मी सत्तर हजार रुपये फेडले तरी व्याजाच्या दृष्टीने एक पैसाही फेडलेला नव्हता. घरी येऊन मी घटत्या बाकीवर त्याच दराने आकडेमोड केली. त्या रीतीने व्याज १५,७५६ रुपये होते आणि दुकानाने लावले होते ३०,४५६. दर मान्य केला तरी रक्कम जवळजवळ दुप्पट. आणि तो दर मान्य करण्याचेही कारण नव्हते, कारण तो कधी ठरलाच नव्हता.

मी हा हिशेब लिहून मागितला आणि त्या दिवसापासून फोन सुरू झाले. कधी रात्री साडेनऊला, कधी भल्या पहाटे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरात शेजारच्या बायका बसलेल्या असताना दोन तरुण दारात येऊन मोठ्याने बाकी विचारून गेले. मुलीच्या सासरचा तो फोन त्यानंतर चार दिवसांनी गेला. लग्नात घातलेल्या दागिन्याची वसुली करताना नेमके कुठे बोट ठेवले की बाप कोसळतो, हे या धंद्यातल्या वसुलीदारांना पुरते ठाऊक असते.

टपाल खात्याच्या बचत बँकेत मी एकतीस वर्षे नोकरी केली. तिथे खातेदाराने शंभर रुपये भरले तरी त्याच्या पासबुकात नोंद, सही आणि तारखेचा शिक्का पडल्याशिवाय तो खिडकीपासून हलत नसे, आणि आम्हीही त्याला हलू देत नसू. खात्याला दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंकडे नोंद असते, हे माझ्या हाडीमांसी भिनलेले आहे. गंमत अशी की सराफांनाही हे उत्तम समजते. अकरा महिने हप्ते भरण्याची जी सुवर्ण बचत योजना ही दुकाने चालवतात, तिच्यात ग्राहकाला छापील कार्ड मिळते आणि दर महिन्याला त्यावर नोंद होते. पैसे आगाऊ द्यायचे असतील तर ग्राहकाच्या हाती कार्ड, आणि उधारी असेल तर फक्त दुकानाची वही. हा फरक कोणत्या न्यायाने केला जातो, हे मी त्या दुकानदारांना समक्ष विचारले होते. त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

ही उधारी वाढण्यामागची कारणेही ध्यानात घ्यावी लागतील. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१२ मध्ये बँकांना सोने खरेदीसाठी कर्ज देण्यास मनाई केली. त्यामागचा हेतू देशाच्या दृष्टीने योग्य असेल, पण लग्न तर थांबत नाही. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव एक लाखाला जाऊन भिडला आणि पगारदार माणसाला एका वेळी दोन-तीन तोळे घेणेही जड झाले. अशा वेळी ओळखीच्या सराफाचे खाते हाच मार्ग उरतो. इतवारीच्या सराफा ओळीत अशी खाती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, आणि कापूस किंवा संत्री विकली गेल्यावर पैसे आणून देणाऱ्या शेतकऱ्यांना कोणताही कागद न करता दागिने देणारे सराफ मी स्वतः पाहिले आहेत. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. उधारी बुडवणाऱ्यांची बाजूही मी घेत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की विश्वासावर चालणारे हे खाते वसुलीची वेळ येताच एका बाजूच्या वहीवर चालू लागते.

कायदा या ठिकाणी विचित्र रीतीने तोकडा पडतो. बँक किंवा वित्त कंपनीचा वसुलीदार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकीत कर्जासाठी फोन करू शकत नाही, कर्जदाराच्या नातेवाइकांना व परिचितांना त्रास देऊ शकत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे. दुकान मात्र रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या ऋणकोकडून तारणी कर्जावर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण कर्जावर १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येते, व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, आणि ऋणकोचा छळ हा गुन्हा ठरतो. आपल्या विदर्भात अनेक सराफांकडे हा परवाना असतो. पण मालाच्या उधारीचा विषय काढला की तेच सांगतात की हे कर्ज नव्हे, ही तर विक्री आहे. म्हणजे शेकडा दोन रुपये दरमहा, वर्षाचे २४ टक्के, असे व्याज सावकाराला वर्ज्य, आणि विक्रीचे नाव दिले की दुकानदाराला खुले. हा युक्तिवाद एखाद्या अधिकाऱ्याने किंवा न्यायालयाने एकदा नीट तपासून पाहिला पाहिजे.

माझ्या प्रकरणाचा शेवट असा झाला. मी दुकानाला पोचपावतीसह रजिस्टर टपालाने पत्र पाठवले आणि खात्याचा सहीशिक्क्याचा उतारा, व्याज ठरल्याचा लेखी पुरावा व दोन्ही धनादेश मागितले. पाच आठवडे काहीच आले नाही. मग ग्राहक चळवळीत काम करणारे एक स्नेही माझ्यासोबत दुकानात आले. त्या दिवशी मालक स्वतः आतून बाहेर आले, त्यांनी सगळे व्याज सोडले, १४,६०० रुपयांचा धनादेश घेतला आणि बेबाकीचा दाखला लिहून दिला. सुटल्याचे समाधान मला जरूर वाटले, पण राग त्याहून मोठा होता, कारण ज्या व्याजासाठी माझ्या मुलीच्या सासरी फोन गेला ते एका कागदाची मागणी होताच सोडून देता येण्यासारखे होते. दोन कोऱ्या धनादेशांपैकी एक परत मिळाला. दुसरा सापडत नाही असे सांगितल्यावर मी बँकेत जाऊन त्याचे प्रदान थांबवण्याची लेखी सूचना दिली. वाचकांनी हे अवश्य लक्षात घ्यावे की सही केलेला कोरा धनादेश दुसऱ्याने भरला तरी तो देण्यापोटी दिलेला आहे असेच धनादेश न वटल्याबद्दलच्या कलम १३८ च्या खटल्यात न्यायालय प्रथम गृहीत धरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. गृहीतक खोडून काढण्याचे ओझे सही करणाऱ्यावर पडते.

मी हे सारे विसरूनही गेलो असतो. पण आमच्या वस्तीतल्या एक भगिनी गेल्या महिन्यात माझ्याकडे एक कागद घेऊन आल्या. त्यांचे पती शिवणकाम करीत. त्यांनी बहिणीच्या लग्नासाठी एका दुकानातून उधारीवर दागिने घेतले होते, आणि आता ते हयात नाहीत. दुकानातून आलेल्या माणसाने वहीतली ६३,००० रुपयांची बाकी दाखवली आणि "ताई, सध्या पाचशे रुपये द्या आणि इथे सही करा, मग आम्ही थांबतो," असे सांगितले. कागदावर लिहिले होते की ही बाकी मला मान्य असून मी ती फेडीन.

त्या पाचशे रुपयांत आणि एका सहीत काय दडलेले आहे हे त्या माउलीला कोण सांगणार? उधार विकलेल्या मालाच्या किमतीसाठी मुदतीच्या कायद्याप्रमाणे साधारणपणे तीन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि मुदत संपण्यापूर्वी सहीनिशी बाकी कबूल केली की तीन वर्षांची मोजणी नव्याने सुरू होते. मुदत संपून गेल्यावरही देणे फेडण्याचे लेखी वचन दिले तर ते बांधून ठेवते. मृताचे देणे त्याच्या वारसाकडून केवळ वारसाच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतेच वसूल होऊ शकते, परंतु तिने स्वतः फेडीन असे लिहून दिले की ते तिचे स्वतःचे देणे होण्याचा मार्ग मोकळा होतो. आणि ज्या वहीच्या जोरावर हे सर्व चालले आहे, तिच्याविषयी जुन्या पुरावा कायद्यात आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही स्पष्ट तरतूद आहे की नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद विचारात घेतली जाईल, पण केवळ तेवढ्यावर कोणालाही देणेकरी ठरवता येणार नाही.

नागपूरच्या सराफ संघटनांना माझी कळकळीची विनंती आहे की बचत योजनेला जसे कार्ड दिले जाते तसेच उधारखात्याला द्यावे. त्यावर खरेदीच्या दिवशीचा भाव, बाकी रुपयांत, आणि व्याज घ्यायचेच असेल तर त्याचा दर व ते घटत्या बाकीवर असल्याचा उल्लेख असावा. बाकी रुपयांत लिहिण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण काही ठिकाणी ती ग्रॅममध्ये ठेवली जाते आणि भाव चढेल तसे देणेही चढत जाते. कोरे धनादेश घेणे बंद व्हावे. वसुलीसाठी सासर, माहेर किंवा शेजार यांच्याकडे कोणीही जाऊ नये. जिल्हाधिकारी ज्या जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष असतात, तिने हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा आणि सावकारी परवान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या जिल्हा उपनिबंधकांनी परवानाधारक सराफांच्या उधारवह्या एकदा उघडून पाहाव्यात. ज्या ग्राहकांना असा अनुभव आला असेल त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही लागत नाही.

त्या भगिनींनी सही केलेली नाही. आम्ही दोघांनी मिळून दुकानाला पत्र लिहिले आहे आणि त्यांच्या पतीने कोणत्या तारखेला काय घेतले व किती फेडले याचा उतारा मागितला आहे. शिवणयंत्राच्या खणात पतीने जपून ठेवलेल्या सात चिठ्ठ्या त्यांना सापडल्या असून त्यांच्या छायाप्रती पत्राला जोडल्या आहेत. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.

आपला नम्र,
टपाल खात्यातील एक निवृत्त कर्मचारी,
महाल, नागपूर