‘डेमन’ला डेव्हिडच्या मापाने मोजताना

संपादक महोदय,

डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’वर बेतलेल्या, अमेरिकी लेखिका बार्बरा किंगसॉल्व्हर यांच्या ‘डेमन कॉपरहेड’ या कादंबरीवर आपल्या सदरात आलेली उलटसुलट पत्रे वाचली. कुणी ती डोक्यावर घेतली आहे, कुणाला ती ‘दुःखाचे प्रदर्शन’ वाटली, तर एकाने सरळच विचारले आहे की डिकन्सची गोष्ट उचलून नावे बदलली की पुलित्झरसारखे मानाचे अमेरिकी पारितोषिक मिळते का. (मिळाले, २०२३ मध्ये, हर्नान डियाझ यांच्या ‘ट्रस्ट’बरोबर विभागून.)

चोरीचा आरोप आधी निकालात काढू. शीर्षकातच मूळ कादंबरीचा पत्ता आहे आणि ऋणनिर्देशात डिकन्सचे आभार आहेत. चोर असा पाट्या लावून जात नाही. ‘झुंजारराव’ किंवा ‘ती फुलराणी’ पाहून शेक्सपिअरला वा शॉला लुटले असे आपण म्हणत नाही. रूपांतर हा शब्द आपल्याकडे कधीचा रुळला आहे.

खरी गफलत तुलना करताना होते. वाचक पात्रे जुळवत बसतो: सावत्र बाप मर्डस्टोनचा स्टोनर, पेगॉटीचे पेगट, मिकॉबरचे मॅकॉब, स्टिअरफोर्थचा फास्ट फॉरवर्ड, युराया हीपचा यू-हॉल. प्रकरणेसुद्धा दोन्हीकडे ६४. ही जुळवाजुळव पहिली शंभर पाने मजा देते. पुढे तीच नडते, कारण कोण बुडणार हे ठाऊक असलेला वाचक नुसती वाट पाहत बसतो. मूळ न वाचलेला वाचक इथे सुखी.

लक्ष द्यायचे ते लेखिकेने मूळ मोडले आहे त्या जागांवर. डेव्हिडची आई नवऱ्याच्या जाचाने खचते आणि बाळंतपणानंतर जाते. डेमनची आई त्याच्या अकराव्या वाढदिवशी वेदनाशामक गोळ्यांच्या अतिसेवनाने मरते. सावत्र बाप दोन्हीकडे सारखाच क्रूर, पण मृत्यूचे कारण घरातून निघून औषधाच्या बाटलीत गेले आहे. डेव्हिडची पहिली बायको डोरा, तिचेही तेच. डिकन्स तिला हळुवारपणे बाजूला करतो आणि त्याची दुसरी बायको होणाऱ्या अ‍ॅग्नेसची वाट मोकळी होते. किंगसॉल्व्हरची डोरी, म्हणजे डेमनची प्रेयसी, आजारी वडिलांच्या औषधांतून व्यसनात उतरते आणि फुटबॉलमध्ये गुडघा गमावलेल्या डेमनला सोबत ओढते. हे घडते व्हर्जिनियाच्या पश्चिम टोकाला, ली काउंटीत, जिथला कोळसा संपला आणि दुखणी उरली. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिन या अफूवर्गीय वेदनाशामक गोळीने अशाच गावांत मुळे धरली. ‘व्यसन लागण्याची भीती कमी’ अशा दिशाभूल करणाऱ्या प्रचाराबद्दल उत्पादक कंपनीने २००७ मध्ये गुन्हा कबूल केला, तोही शेजारच्याच अ‍ॅबिंग्डनच्या न्यायालयात. एवढे माहीत नसेल तर मधली दोनशे पाने रडगाणे वाटणारच.

‘दुःख फार’ या तक्रारीचे मूळ मला वाचण्याच्या वेगात दिसते. ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ मे १८४९ ते नोव्हेंबर १८५० असा दरमहा निघत होता: एक शिलिंगात ३२ पाने, दोन चित्रे, बहुधा तीन प्रकरणे. आई गेली की पुढचा घाव बसेपर्यंत वाचकाला महिनाभर उसंत मिळे. तोच मजकूर, किंवा त्यावर बेतलेली साडेपाचशे पाने, आपण शनिवार-रविवारी संपवायला बसतो आणि मग छातीवर दडपण येते. तीन प्रकरणे वाचून पुस्तक मिटावे, निदान एक दिवस. फरक पडतो.

तरी दोन बाबतींत नाराज वाचक बरोबर आहेत. मिकॉबर हरवला आहे. वर्षाला २० पौंड मिळकत आणि १९ पौंड १९ शिलिंग ६ पेन्स खर्च म्हणजे सुख, आणि खर्च २० पौंड ६ पेन्स झाला की सर्वनाश, हा हिशेब मांडणारा मिकॉबर कर्जात बुडूनही आपल्याला आवडतो. मॅकॉब दांपत्य नुसते डेमनला सांभाळण्यासाठी सरकारकडून मिळणारे पैसे खाते आणि वर त्या पोराला कचरा निवडायच्या कामाला लावते. विनोद गेला की उरते फक्त किळस. आणि शेवटच्या एक-तृतीयांश भागात लेखिका पात्रांच्या तोंडून डोंगराळ माणसांच्या अर्थकारणाची शिकवणी घेते. मुद्दे पटणारे आहेत, पण ते कथेतून आधीच पोचलेले असतात.

याउलट एक जागा अशी आहे की तिथे नवी कादंबरी जुनीच्या पुढे जाते. डेव्हिड गर्भपिशवीचा पापुद्रा डोक्यावर घेऊन जन्मतो. असे मूल बुडून मरत नाही अशी समजूत होती, म्हणून तो पापुद्रा १५ गिनींना विकायची जाहिरात दिली जाते. डिकन्स एवढा विनोद करून तो धागा जवळपास सोडून देतो. डेमनही तसाच जन्मतो, पण त्याने समुद्र पाहिलेलाच नसतो आणि शेवटच्या पानापर्यंत त्याला तो भेटत नाही. जुळवाजुळवीच्या नादात हे निसटते.

वाचकांच्या तक्रारींना डिकन्सनेही जुमानले होते, हे जाता जाता. मिस माउचर हे बुटकीचे पात्र स्वतःवर बेतल्याचे ओळखून एका शेजारणीने त्याला जाब विचारला, तेव्हा त्याने पुढच्या हप्त्यांत ते पात्र चांगल्या बाजूला वळवले. छापून झालेल्या कादंबरीच्या लेखिकेला ही सोय नाही.

मराठी अनुवादाची मागणीही एका पत्रात होती. डेमन स्वतः बोलतो, शिवराळ आणि अपॅलॅशियन, म्हणजे तिथल्या डोंगराळ मुलखाच्या, ढंगात. प्रमाण मराठीत आणला तर तो मवाळ होईल, वऱ्हाडीत किंवा मालवणीत आणला तर त्याचे गावच बदलेल. अनुवादकाने आधी पहिले प्रकरण करून मोठ्याने वाचून पाहावे आणि मगच हक्क मागावेत.

आपला,
एक नियमित वाचक