सूचना : रविवारी सुतारकामाच्या जुन्या लाकडी हत्यारांची सफाई

सभासदांनो,

येत्या रविवारी सकाळी ९ ते १, आपल्या शेडमध्ये. रंधा, खतावणी (लाकडावर रेघ आखायचं हत्यार), मोगरी (लाकडी हातोडा), पटाशी, घरात जे पडून असेल ते आणा. काय आणताय ते शनिवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कळवा.

• घरी पाण्याने धुऊ नका. लाकूड फुगतं आणि वाळताना तडकतं.

• रंध्याची पाचर (पातं धरून ठेवणारी) घट्ट बसली असेल तर ठोकत बसू नका, तोंडाशी लाकूड चिरतं. इथे मिळून काढू.

• आधी टर्पेंटाइनच्या फडक्याने मळ काढायचा. लाकूड खरखरीत असेल तिथेच पॉलिश पेपर, तोही बारीक, २२० नंबरचा. आजोबांच्या शिसवी रंध्यावर अंगठ्याने पडलेला खळगा मी ८० नंबरच्या जाड पेपरने घासून सपाट केला. तो आता परत येणार नाही. कृपया हाताच्या खुणा राहू द्या.

• मग जवसाच्या तेलाचा पातळ हात. पंधरा मिनिटांनी जास्तीचं तेल पुसून घ्यायचं.

• तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी बाहेर दोरीवर सुटी पसरायची. हा नियम सगळ्यांना लागू.

तेल, टर्पेंटाइन शेडमध्ये आहे. सुती फडकी घरून आणा.