संधिवात आणि बास गिटार: वाद्य हाताप्रमाणे बदलावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पानांवर संधिवाताबद्दल नियमितपणे लिहिले जाते आणि त्यात गुडघे, कंबर, जिने चढणे-उतरणे यांचा सविस्तर विचार असतो. परंतु ज्यांच्या हाताचेच सांधे दुखू लागले आहेत आणि ज्यांना त्याच हातांनी वाद्य वाजवायचे आहे, त्यांच्या वाट्याला बहुधा ‘आता हातांना आराम द्या’ एवढेच येते. साठी ओलांडलेला एक हौशी बास गिटारवादक (बास म्हणजे खर्जातल्या सुरांची, जाड तारांची विजेवरची गिटार) म्हणून मला हा सल्ला अपुरा वाटतो, म्हणून हे पत्र.

मुळात दुखणे कोणते आहे, हे ठरल्याशिवाय कोणताही सल्ला व्यर्थ आहे. उतारवयात अधिक आढळतो तो सांध्यांच्या झिजेचा विकार. त्यात बोटांच्या टोकाकडचे व मधले सांधे आणि अंगठ्याच्या मुळाचा सांधा प्रामुख्याने दुखतो आणि सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात ओसरतो. आमवात मात्र शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेने स्वतःच्याच सांध्यांवर केलेला हल्ला असतो. त्यात मनगटे आणि बोटांच्या मुळाचे सांधे सुजतात, ताठरपणा तासाहून अधिक टिकतो आणि औषधांना उशीर झाला तर सांध्यांची कायमची हानी होते. तेव्हा दोन्ही हातांचे सांधे सुजून गरम लागत असतील, तर वाद्याचा विचार नंतर, संधिवाततज्ज्ञाची भेट आधी. झिजेच्या विकारात परिस्थिती वेगळी आहे. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली हाताच्या या विकारासाठी ज्या शिफारशी केल्या, त्यात बोटांचे व्यायाम, अंगठ्याच्या मुळाला आधारपट्टी आणि गोळ्यांच्या आधी वरून लावायचे वेदनाशामक मलम यांना स्थान आहे. हात वापरणे थांबवा, असे तिथे म्हटलेले नाही.

आता वाद्याकडे वळतो, कारण खरी गफलत इथे होते. प्रचलित बास गिटारची स्केल, म्हणजे तारेची कंपन पावणारी लांबी, 34 इंच असते आणि एकेका तारेवर साधारण 16 ते 23 किलो ताण असतो. हा सगळा भार बोटावर येत नाही हे खरे, परंतु तार जितकी ताणलेली आणि फ्रेटपासून (गिटारच्या दांडीवरील, म्हणजे मानेवरील, धातूच्या आडव्या पट्टीपासून) जितकी उंच, तितके ती दाबायला बळ अधिक लागते. त्याउलट 30 इंची, म्हणजे शॉर्ट स्केल बासवर त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या तर ताण सुमारे 22 टक्क्यांनी कमी होतो, आणि पहिल्या चार फ्रेटसाठी हाताला जे सुमारे 178 मिलिमीटर अंतर व्यापावे लागते ते 157 वर येते. दुखऱ्या करंगळीला हे दोन सेंटिमीटर किती मोलाचे आहेत, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. असे असूनही शॉर्ट स्केल बास ‘मुलांसाठी’ किंवा ‘शिकाऊंसाठी’ म्हणून बाजूला सारला जातो. ‘बीटल्स’चे पॉल मॅकार्टनी यांचा सुप्रसिद्ध हॉफनर कंपनीचा बास साधारण 30 इंचांचाच आहे आणि ‘क्रीम’ या रॉक बँडचे जॅक ब्रूस यांचा गिब्सन कंपनीचा बासही जवळपास तेवढाच होता. त्यांच्या वादनात काही कमी पडले, असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

नवे वाद्य घेणे शक्य नसेल तरी हाताशी असलेल्या वाद्यात बरेच करता येते. कमी ताणाच्या तारा लावाव्यात. जाणत्या कारागिराकडून तारांची उंची आणि नटवरच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीवरच्या) खाचा योग्य करून घ्याव्यात. सर्व तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवल्या तर ताण जवळपास 20 टक्क्यांनी घटतो. मात्र मग सोबतच्या वादकांशी आधी बोलून ठेवावे लागते. हा मार्ग हतबल माणसाची तडजोड मुळीच नाही. ‘ब्लॅक सबाथ’ या रॉक बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांनी 1965 मध्ये कारखान्यातील अपघातात दोन बोटांची टोके गमावली, तेव्हा हलक्या तारा आणि पुढे खाली उतरवलेले सूर यांतूनच त्यांचा भारदस्त नाद घडला. त्यांना धीर दिला तो जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्या उदाहरणाने, ज्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे 1928 च्या आगीनंतर जवळपास निकामी झाली होती. संधिवात नव्हे, पण हात बदलल्यावर वादनपद्धतीही बदलायची असते, हे दोघांनीही दाखवून दिले.

शिक्षकांशी माझा वाद आहे तो याच मुद्द्यावर. चार फ्रेटवर चार बोटे, हा दंडक तरुण हातांसाठी ठीक आहे. डबल बासच्या (उभ्याने वाजवायच्या, व्हायोलिनच्या घराण्यातील मोठ्या वाद्याच्या) परंपरेत मात्र खालच्या सुरांच्या भागात तर्जनी, मधले बोट आणि करंगळी एवढ्यांनीच काम भागवतात, अनामिका करंगळीला आधार देते आणि हात ताणण्याऐवजी जागेवरून सरकवला जातो. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात फ्रांझ सिमांडल यांनी पुस्तकरूपाने रूढ केली; ती दुखऱ्या हातांना आजही अधिक मानवते. बोट फ्रेटच्या अगदी मागे टेकवले तर सर्वांत कमी दाब लागतो. अंगठ्याने गिटारच्या मानेला चिमटा काढल्यासारखे धरू नये, कारण चिमटीच्या टोकाशी लावलेले बळ अंगठ्याच्या मुळाशी कित्येक पटींनी वाढलेले असते. उजव्या हाताने जोर लावण्याऐवजी अ‍ॅम्पचा (ध्वनिवर्धकाचा) आवाज वाढवावा. विजेचे वाद्य असल्याचा तेवढा फायदा तरी घ्यावा! साधारण चार किलोंचे हे वाद्य बसून, तरीही रुंद पट्टा गळ्यात ठेवून आणि वाद्याची मान वर उचलून वाजवले, तर मनगट कमी वाकते.

सरावाबाबत फिजिओथेरपिस्ट सांगतात तो निकष मला व्यवहार्य वाटतो: वाजवल्यानंतर वाढलेले दुखणे दोन तासांहून अधिक टिकले, तर पुढच्या वेळी वेळ कमी करायचा. सराव सकाळचा ताठरपणा उतरल्यावर, कोमट पाण्यात हात शेकून आणि थोडा थोडा करावा. वेदनाशामक गोळी घेऊन दीर्घकाळ वाजवणे सर्वथा टाळावे. दुखण्याची सूचनाच त्यामुळे दडपली जाते, शिवाय उतारवयात या गोळ्या पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब या तिन्हींना भोवू शकतात.

माझी विनंती एवढीच आहे की, हाताच्या संधिवातावर पुढे लेख प्रसिद्ध कराल तेव्हा वादकांचे हात तपासणाऱ्या एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टचे (दैनंदिन कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाचे) मतही त्यात घ्यावे, आणि डॉक्टरांनी साठीपुढच्या रुग्णाला ‘तुम्ही कोणते वाद्य वाजवता का?’ हा प्रश्न विचारावा, असे त्यात आवर्जून नमूद करावे.

आपला,
एक बास गिटारवादक वाचक