डाव्या वळणावर फिरणारं चाक

चिपळूण,
रविवार रात्र

प्रिय बंडू,

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा पावसात दुखतो तेवढाच, माझी शुगर होती तिथेच आहे. दिवाळीपासून तुला पत्र नाही की फोन नाही, त्याबद्दल काय शिव्या द्यायच्या त्या समोर आल्यावर दे. आज बसलोय ते गाडीबद्दल लिहायला. घरात विषय काढला की म्हणतात, "झाली ना दुरुस्त, मग आता काय?" झाली, खरं आहे. पण जे झालं ते डोक्यातून जात नाही, आणि ते शेवटपर्यंत ऐकून घेणारा तू एकटाच.

थोरली कराडला नोकरीला लागली हे तुला ठाऊक आहे. शनिवारी येते, सोमवारी पहाटे कुंभार्ली घाट चढून जाते. गेल्या महिन्यात असाच सोमवार, पाऊस बारीक, रस्ता नुसता ओला. पोफळी मागे टाकली, चढ लागला, आणि एका डाव्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन एकदम ओरडलं, गाडी मात्र जिथल्या तिथे. मागून ऊस कारखान्याचा रिकामा ट्रक वर येत होता. ट्रकवाला भला माणूस, थांबला. तिने अ‍ॅक्सिलरेटर सोडला, अलगद क्लच सोडत निघाली. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा तेच. कोयनानगरला पोचून तिने फोन केला तेव्हा आवाज शांत होता, आणि तिचा आवाज इतका शांत असला की मला जास्त भीती वाटते. आईवर गेलीय.

इथल्या गॅरेजात नेली. बघायच्या आधीच निकाल, "क्लच प्लेट गेली." मला ते पटेना. क्लच सुटतो तेव्हा इंजिन पळतं, चाक पळत नाही, वर जळका वास येतो. मी तिला विचारलं, स्पीडचा काटा काय करत होता? म्हणाली, वीसवरून एकदम पंचेचाळीसला गेला. बंडू, इथेच मला तू आठवलास. क्लच घसरत असता तर काटा खाली आला असता. काटा वर गेला म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढे काहीतरी खरोखर फिरत होतं. आणि काट्यावरचे पंचेचाळीस म्हणजे ओढणाऱ्या दोन चाकांच्या वेगांचा मध्य. म्हणजे एक चाक रस्त्याच्या वेगाने, वीसने, आणि दुसरं सत्तरच्या आसपास भिंगरत होतं. तरी खात्रीसाठी बहादूरशेख नाक्याच्या पुढे सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसवर आणून पूर्ण दाबून बघितली. इंजिन आणि गाडी बरोबरीने चढली. क्लच ठणठणीत. प्लेट बदलली असती तर दहा-बारा हजार गेले असते आणि पुढच्या सोमवारी पोरगी त्याच वळणावर अडकली असती.

मग प्रश्न राहिला, डाव्याच वळणावर का? उजव्या वळणांना गाडी गुमान चढत होती. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं, पुढचं डावं चाक हलकं होतं. त्यात चढ, म्हणजे पुढचा भाग आधीच हलका, आणि आपली गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरांचा संच, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, पण तो किती, हे ज्याची पकड कमी ते चाक ठरवतं. डावं सुटलं की उजव्यालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो, मग ते कितीही घट्ट उभं असलं तरी काय उपयोग. म्हणजे दुखणं पुढच्या डाव्या चाकाशी.

(तुझी ती ओम्नी आठवते? मागच्या चाकांनी ढकलणारी, म्हणून चढ आला की तू आम्हा सगळ्यांना मागे कोंबायचास आणि स्वतः राजासारखा पुढे. आणि नंतर तुझ्या मामांची गाडी, ती पुढच्या चाकांची, गुहागरच्या त्या लाल मातीच्या चढावर तू उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढवलीस. अख्खी वाडी बघायला आली होती. एक आजी म्हणाली, मुलगा देवाला पाठ दाखवत नाही हो, संस्कार आहेत. तुझं बरोबर होतं ते. ओढणारी चाकं खालच्या बाजूला आली की वजन त्यांच्यावर येतं. तेव्हा मी तुला वेडा म्हटलं होतं.)

चाक बघायला गेलो तर चाक नवंकोरं! खाचा खोल, कडेला कारखान्यातून येतात ते रबराचे केससुद्धा शाबूत. उजव्या टायरच्या खाचा तीन-साडेतीन मिलिमीटर उरलेल्या, कायद्याची मर्यादा १.६ ची. म्हणजे बघणारा कोणीही म्हणेल, बदलायचाच तर उजवा बदला. टायरवाला तेच म्हणाला. हवा दोन्हीकडे तेहतीस. मग मी आत वाकून ड्राइव्ह शाफ्टचं, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचं, रबरी बूट बघितलं, फाटून ग्रीस टायरवर उडतंय का म्हणून, कोरडं. ऑइल सीलही कोरडं. शेवटी मोबाइलचा टॉर्च लावून टायरच्या कडेवरचा, तो कधी बनला ते सांगणारा लंबगोल शोधला. १४१८. म्हणजे २०१८ सालचा चौदावा आठवडा. ही स्टेपनी होती! पावसाच्या आधी कराडला तिचा टायर कडेला फाटला, त्या मापाचा दुसरा मिळेना, म्हणून पंक्चरवाल्याने स्टेपनी चढवून दिली आणि ती तशीच राहिली. कधीही रस्ता न बघितलेला टायर, पण इतकी वर्षं डिकीत सुकत पडलेला. उजव्या टायरच्या रबरात नख दाबलं तर खूण उठते. ह्याच्यात नख दाबलं, नखच वाकलं. खाचांच्या तळाशी केसांइतक्या बारीक चिरा.

इथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, सापडलं, चला. पण तू असतास तर विचारलं असतंस, आणि मीही स्वतःला विचारलं: टायर जूनच्या आधी चढवला, पाऊस जूनमध्येच लागला, मग तोवरच्या सगळ्या सोमवारी गाडी कशी चढली? टायर तोच, घाट तोच, पाऊसही तोच.

थोरलीला पुन्हा विचारलं. मग बोलली, "बाबा, दोन पिवळे दिवे लागायचे. कधी लागायचे, कधी नाही." एक एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, आणि दुसरा ट्रॅक्शनचा, म्हणजे चाक जागच्या जागी भिंगरू न देणारीचा. मधे ज्या गॅरेजात पुढचे लोअर आर्मचे बुश, म्हणजे सस्पेंशनचे रबरी जोड, बदलले, तिथे तिने हे दाखवलं होतं. त्यांनी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसला आणि सांगितलं, सेन्सरवर चिखल बसतो, दिव्याने काही बिघडत नाही. ह्या वाक्याचा मला जो राग आहे तो अजून गेलेला नाही. २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं, आणि दिवा लागल्यावर माणसाला काय सांगायचं, तर बिघडत नाही! बिघडतं ते हेच. चाक सुटायला लागलं की गाडी स्वतःच त्या एका चाकाला ब्रेक लावते, म्हणजे डिफरन्शियल दुसऱ्या चाकाला जोर देऊ शकतं, आणि इंजिनचाही जोर उतरवते. हे सगळं चाकाच्या वेगाच्या सेन्सरवर चालतं. सेन्सर गेला की गाडी हात वर करते. तोवरच्या सोमवारी तो कडक टायर सुटतच होता. गाडी सांभाळून घेत होती, पोरीला कळतही नव्हतं.

शेजारच्या गल्लीतल्या पोराकडे स्कॅनर आहे. त्याला म्हटलं, कोड बघू नकोस, चारही चाकांचा वेग चालू दाखव. पुढची बाजू जॅकवर, खाली दगड, थोरली स्टिअरिंगला, मी हाताने डावं चाक फिरवतोय. स्टिअरिंग सरळ असताना आकडा येतोय, तीन, चार, तीन. तिने हळूहळू पूर्ण डावीकडे कापलं. शून्य. सरळ केलं, तीन. पुन्हा डावीकडे, शून्य. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. चाकाच्या मागे हात घातला तर सस्पेंशनवर वायर धरून ठेवणारी क्लिपच नाही. बुश बदलताना काढली असणार, परत लावलीच नाही. वायर लोंबत होती, चाक कापलं की टायरला घासत होती. आवरण सोललेलं, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली, दोन-तीन धागे उरलेले. सरळ रस्त्यावर जोडलेली, डाव्या वळणावर तुटलेली. गॅरेजात गाडी सरळ उभी, म्हणून दर वेळी सगळं छान!

नवा सेन्सर वायरसकट बसवला, क्लिप लावली. कालच मी स्वतः घाट चढून आलो, ह्या पावसात. त्या वळणावर पिवळा दिवा लुकलुकला, पुढे क्षणभर कर्रकर्र झालं, आणि गाडी चढली. म्हणजे यंत्रणा काम करतेय. पण म्हणजेच टायर अजून सुटतोय.

आता माझी काळजी, आणि पुन्हा आपलं तेच जुनं भांडण. दोनच टायर घ्यायचे तर कुठे बसवायचे? तुझं ठरलेलं आहे, नवे मागे, गाडी कुठलीही असो. मी त्या वेळी रत्नागिरीच्या रस्त्यावर तुझ्याशी अख्खा तास भांडलो की ओढणारी चाकं पुढे तर नवे पुढे. चढताना माझंच खरं वाटतं. पण शनिवारी ती उतरते, अंधारात, आणि उतरताना मागचा भाग सुटला तर गाडी गोल फिरते, तिथे स्टिअरिंग असून नसल्यासारखं. पुढचं सुटलं तर निदान पाय उचलून सावरता येतं. विचार करून करून चारही घ्यायचं ठरवतोय, वीस हजारांच्या घरात जातील. ही म्हणते, त्यापेक्षा तिला एसटीने जाऊ दे. थोरली एसटीचं नाव काढू देत नाही. उद्या मी तिला एसटीनेच पाठवतोय, टायर येईपर्यंत, आणि त्यावरून रात्री जेवताना आमचं वाजलं. तू असतास तर माझी बाजू घेतली असतीस का तिची?

२०२१ च्या पुरात आपली जुनी गाडी गेली तेव्हा मी म्हटलं होतं, आता गाडीवर जीव लावणार नाही. तू हसला होतास. हसलास ते बरोबरच.

वहिनींचं प्रमोशन झालं असं ताईकडून कळलं, अभिनंदन सांग. घराचा हप्ता सुरू झाला का? पोराचं दहावीचं वर्ष ना, त्याला फार पिडू नकोस. तुझं पाठीचं आता कसं?

गणपतीला येणार आहेस ना, तर दोन दिवस आधी ये. आपण दोघं एकदा वर जाऊ आणि खाली येऊ, तू चालव, मी बाजूला बसून बघतो. तू बरं म्हणालास की मी तिच्या हातात किल्ली देतो. आणि तुझा टॉर्क रेंच, तो नट मोजून आवळायचा पाना, आठवणीने आण. इथली पोरं पान्यावर उभी राहून नट आवळतात.

तुझा,
नाना