हार्मोन तपासणीत कामाच्या वेळेचीही नोंद हवी

आपल्या अंकातील रात्रपाळी आणि बिघडलेली झोप यांविषयीचा लेख वाचला. झोपेबद्दलचे विवेचन पटले. मात्र रात्रपाळी करणाऱ्यांच्या हार्मोन तपासणीचा महत्त्वाचा मुद्दा त्यात राहून गेला.

कॉर्टिसॉल हे ताणाला तोंड द्यायला मदत करणारे हार्मोन पहाटेपासून वाढत जाते, उठण्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. म्हणूनच रक्ताचा नमुना सहसा सकाळी ८-९ वाजता घेतात. पण रात्रभर जागून थेट प्रयोगशाळेत आलेल्या परिचारिकेच्या शरीराला ही वेळ लागू पडेलच असे नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांमधील प्रमुख लैंगिक हार्मोनही झोपेतच वाढते. तरी अर्जावर विचारतात ते एवढेच : उपाशीपोटी की जेवणानंतर? शेवटची झोप कधी झाली, हे कोणी विचारत नाही.

औषधे आणि आजारपणाकडेही असेच दुर्लक्ष होते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे घेतल्या, की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करतात. त्या गोळ्या अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. गंभीर आजारात तर थायरॉइड ग्रंथी धडधाकट असूनही टी-३ हे थायरॉइड हार्मोन घसरते. हे डॉक्टरांपर्यंत पोहोचले नाही, तर नको त्याला गोळ्या सुरू होतात आणि खरा रुग्ण निसटतो.

कामाची पाळी, शेवटची झोप, चालू औषधे आणि अलीकडचे आजारपण या नोंदी नमुना घेतानाच अर्जावर घेतल्या जाव्यात. त्यासाठी दोन मिनिटेही पुरतात.

– एक वाचक